मल्लांची नोंदवही कोठे आहे?

२०२५ साली महाराष्ट्राला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. फेब्रुवारीच्या प्रारंभी अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ याने तो मान पटकावला आणि मार्च सरण्यापूर्वी त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे सोलापूर जिल्ह्याच्या वेताळ शेळके याने. स्पर्धा दोन, त्या भरविणाऱ्या संघटना दोन, किताब मात्र एकाच नावाचा. आपल्या जिल्ह्याचा मल्ल केसरी झाल्याचा आनंद सोलापूरच्या कुस्तीशौकिनांना व्हावा, हे स्वाभाविकच होते. परंतु या दोघांत श्रेष्ठ कोण, असा साधा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलाने विचारला, तर त्याच्यासमोर ठेवता येईल असा सर्वमान्य कागद कोणाही शौकिनापाशी नव्हता.

हे प्रथमच घडले असेही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे मोहोळच्या सिकंदर शेख याने अंतिम लढतीत शिवराज राक्षे यास थोडक्या वेळात चीत केले आणि त्याच महिन्यात धाराशिव येथील दुसऱ्या स्पर्धेत राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. एका मैदानात पराभूत झालेला मल्ल काही दिवसांतच दुसऱ्या मैदानात राज्याचा अजिंक्यवीर ठरतो, यात त्या मल्लाचा दोष काहीच नाही. राक्षे हा दोन्हीकडे आपल्या बळावर लढला. दोष असेल तर तो व्यवस्थेचा आहे, आणि ही व्यवस्था केवळ दोन संघटनांच्या भांडणाने बिघडलेली नाही. उद्या दोन्ही संघटनांत समेट झाला तरी मूळ उणीव शिल्लक राहणारच. वर्षातील एका लढतीवर मल्लाचे सर्व मोल टांगलेले असावे आणि उरलेल्या साऱ्या लढतींची कोठे नोंदही असू नये, ही ती उणीव होय.

सोलापूर जिल्ह्याला या प्रश्नाची आच इतरांहून अधिक लागावयास हवी. अकलूजने १९७६ आणि २०११ अशी दोनदा महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरविली. सोलापूर शहरापासून जवळच असलेल्या बोरामणी गावातील एकाच घराने राज्याला तीन केसरी दिले : १९८० साली इस्माईल शेख, १९९२ साली अप्पालाल शेख आणि २००२ साली मुन्नालाल शेख. ही तीन वर्षे जिल्ह्यातील जुन्या शौकिनांना तोंडपाठ असतात. परंतु या मल्लांनी त्या त्या वर्षांच्या आधी आणि नंतर किती मैदाने मारली, कोणाला कोणत्या डावावर चीत केले, कोणाशी बरोबरी सोडविली, हे विचारले की शौकिनांच्या कट्ट्यावर वाद सुरू होतो. ज्याची स्मरणशक्ती तीव्र आणि आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते. १९६१ पासूनच्या विजेत्यांची यादी मिळते. अंतिम फेरीत पराभूत झालेल्यांची नावे मात्र फार थोड्यांना सांगता येतात.

वस्तुतः महाराष्ट्रातील शौकिनाला क्रमवारी ही कल्पना अपरिचित नाही. यात्रेच्या आधी गावोगावच्या भिंतींवर लागणारे जंगी कुस्त्यांचे पोस्टर म्हणजे एक क्रमवारीच असते. एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची कुस्ती, तीन नंबरची कुस्ती. प्रत्येकीपुढे जोड, मल्लांच्या तालमी, वस्तादांची नावे आणि इनामाची रक्कम. खाली खाली येत ही उतरंड रेवड्यांवरच्या पोरसवदा कुस्त्यांपर्यंत पोहोचते. एस.टी. स्थानकावर ते पोस्टर वाचणारा माणूस केवळ जाहिरात वाचत नसतो. गेल्या वर्षी चार नंबरला लढलेले पोर यंदा दोन नंबरला आले, अमक्याचे इनाम घटले, तमका पोस्टरवरून नाहीसाच झाला, हे सारे तो मनाशी ताडीत असतो. आर्थिक भाषेत बोलायचे तर ते पोस्टर म्हणजे मल्लांच्या श्रमाचे दरपत्रक होय.

परंतु हे दरपत्रक ठरते कसे? यात्रा कमिटी, तिला जोड सुचविणारे जाणते, देणगीदाराचा आग्रह आणि तालमीचे वजन यांच्या मेळातून. यात प्रामाणिक माणसे पुष्कळ असतात, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि त्यांच्यापुढेही आठवणीशिवाय दुसरे साधन नसते. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक किती झाली आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर काय निघाला, हे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छापून येते. त्यामुळे शेतकऱ्याची फसवणूक थांबते असे नव्हे. पण आपली फसवणूक झाली एवढे तरी त्याला कळते. माण, मंगळवेढा, सांगोला या अवर्षणप्रवण भागांतून येणारा मल्ल दूध, तूप, बदाम आणि मटण यांवर घरच्यांचा घास खर्ची घालून दहाबारा वर्षे तालमीत घालवितो. आपले मोल किती आणि ते कोणी ठरविले, हे समजण्याचे त्याला साधन नाही.

या संदर्भात जपानमधील सुमो कुस्तीचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथे वर्षातून सहा स्पर्धा होतात आणि प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवस चालते. प्रत्येक स्पर्धेपूर्वी ‘बांझुके’ नावाचा एक कागद प्रसिद्ध होतो. सुमारे सहाशे मल्लांची नावे पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजूंना, योकोझुना या सर्वोच्च पदापासून नवशिक्यापर्यंत, पंचांच्या हस्ताक्षरात त्यावर लिहिलेली असतात. वरची नावे ठळक, खालची उतरत उतरत दोऱ्यासारखी बारीक. शौकीन हा कागद विकत घेऊन घरी नेतो. पंधरा लढतींपैकी आठ जिंकल्या तर सामान्यतः बढती, आठ हरल्या तर घसरण. वरच्या दोन गटांतील सत्तर मल्लांनाच मासिक वेतन असते, त्यामुळे ही चढउतार म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न असतो. योकोझुनाची पदावनती होत नाही. बळ सरले की त्याने निवृत्त व्हावे अशी अपेक्षा असते.

या कागदाचे खरे मोल तेरुनोफुजी या मल्लाच्या आयुष्यात दिसून आले. मूळचा मंगोलियाचा हा मल्ल ओझेकी या दुसऱ्या क्रमांकाच्या पदापर्यंत चढला. पण गुडघ्यांची दुखापत आणि आजार यांमुळे २०१७ साली ते पद त्याच्या हातून गेले. २०१९ पर्यंत तो घसरत घसरत तळापासून दुसऱ्या गटात, जेथे वेतन नाही, जेथे पोरे लढतात, तेथे येऊन पोहोचला. तेथून एकेक लढत जिंकीत तो पुन्हा वर आला, २०२० साली वरिष्ठ गटाचे अजिंक्यपद त्याने मिळविले आणि २०२१ साली तो योकोझुना झाला. यासाठी त्याला कोणाच्या दारी जाऊन जोड लावण्याची विनवणी करावी लागली नाही. प्रत्येक विजयाला त्या कागदावर जागा ठरलेली होती. आपल्याकडे गुडघा दुखावलेला मल्ल दोन हंगाम पोस्टरवर दिसला नाही की शौकीन त्याला विसरतात आणि तो शेताकडे वळतो.

आता एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. क्रमवारी आली की लबाडीही येते. सुमोमध्ये ती आलीच. पंधराव्या दिवशी सात विजय आणि सात पराभव अशा अवस्थेत असलेला मल्ल अपेक्षेपेक्षा फारच अधिक वेळा जिंकतो आणि त्याच जोडीच्या पुढील भेटीत पारडे उलटे फिरते, असे मार्क डगन व स्टीव्हन लेव्हिट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. २०११ साली तर संगनमताचा पुरावाच हाती आल्याने ओसाका येथील मार्चची स्पर्धा रद्द करावी लागली. पण हे अर्थशास्त्रज्ञ त्या निष्कर्षाला पोहोचले कशाच्या आधारे? अकरा वर्षांतील बत्तीस हजारांहून अधिक लढतींचे निकाल त्यांना लिहिलेले मिळाले म्हणून. आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ हा शब्द राजकारणाच्या बातम्यांतूनही सर्रास वापरला जातो. परंतु अमुक मैदानातील अमुक कुस्ती नुरा होती, हे सिद्ध करावयाचे ठरविले तर पडताळणीला कागद नाही. संशय मात्र सर्वांवर, प्रामाणिक मल्लावरसुद्धा.

नोंद नसल्याची किंमत अलीकडे फार ठळकपणे मोजावी लागली आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील स्पर्धेत माती विभागातील निर्णायक लढत सोलापूर जिल्ह्याच्याच महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्यात झाली. महेंद्रला दिलेल्या चार गुणांवरून उठलेला वाद पंचाला धमकी येण्यापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पंचाच्या निर्णयाने संतापलेल्या शिवराज राक्षे याने पंचालाच लाथ मारली. त्याच्यावर आणि महेंद्रवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. पंचावर हात टाकणे वा पाय उचलणे हे अक्षम्यच. परंतु चांदीची गदा, चारचाकी गाडी, शासनाचे मानधन आणि पुढच्या साऱ्या हंगामाचा भाव हे सर्व एका क्षणाच्या चार गुणांवर ठरत असेल, तर त्या क्षणी माणसे विवेक सोडतील याचा अंदाज बांधण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. ज्या मल्लाच्या मागे वर्षभरातील चाळीस लढतींची लिखित कमाई आहे, त्याला एक चुकीचा निर्णय सलेल, पण तो उद्ध्वस्त करणार नाही.

माती आणि गादी यांचे नियम भिन्न, मैदानी जोडींची वजने विषम, बरोबरीत सुटणाऱ्या कुस्त्या पुष्कळ. तेव्हा सुमोसारखी क्रमवारी येथे एकदम उभी राहणार नाही, हे उघड आहे. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने १९७० साली गुणांकन स्वीकारले, तेही डावांच्या लिखित निकालांवरच. म्हणून क्रमवारीची घाई नको. प्रथम निकाल लिहिले जावेत. तारीख, गाव, जोड, इनाम, वेळ, कोणत्या डावावर निकाल लागला किंवा कुस्ती कोणी सोडविली, एवढेच. संघटनांची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण कोणती संघटना खरी, हाच वाद मिटलेला नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांत कुस्तीगावांतून आलेले विद्यार्थी शेकड्यांनी आहेत. चैत्रापासूनच्या यात्रांना ते जातातच. एका तालुक्याचा एक हंगाम जरी त्यांनी टिपून काढला आणि शाळेच्या फळ्यावर वा वृत्तपत्राच्या कोपऱ्यात तो दर आठवड्यास प्रसिद्ध झाला, तरी पुढील वर्षी जोड ठरविताना कमिटीपुढे काहीतरी लिखित असेल.

कमिट्यांना लिहिण्याचे वावडे आहे असेही नाही. मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसलेला कारकून प्रत्येक देणगीदाराचे नाव, रक्कम आणि पावतीचा क्रमांक वहीत उतरवून घेत असतो. त्या वहीत इनाम कोणी दिले ते सापडते. ते कोणी जिंकले, यासाठी आणखी एक रकाना आखावा लागेल.