पळून जाणे हा रोग म्हणे!

दावणीचा बैल दावे तोडून पळाला तर त्यास वेड लागले असे आपण म्हणत नाही. चारा कमी पडला की चाबूक जास्त झाला, हे आधी पाहतो. परंतु अमेरिकेतील सॅम्युअल कार्टराइट नामक गोऱ्या डॉक्टराची अक्कल आपल्या गुराख्याहून थोर! त्याने सन १८५१ साली छापून प्रसिद्ध केले की, काळा गुलाम धन्याकडून पळतो तो ‘ड्रेपेटोमेनिया’ नावाच्या मनाच्या रोगाने. औषध काय, तर चाबूक. कामात हयगय करणे हाही रोगच. त्यावर अंगास तेल चोपडावे, ते रुंद कातडी पट्ट्याने बडवून मुरवावे आणि रोग्यास उन्हात कष्टास जुंपावे! वैद्य धन्याचा, मग रोगही धन्याच्या सोयीचाच निघावयाचा.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने गेली, पण ही खोड गेली नाही. १९६८ साली, काळे लोक हक्कांसाठी रस्त्यावर उतरले असता, दोघा मनोवैद्यांनी त्यांच्या बंडखोर संतापात ‘निषेधाचे वेड’ हुडकून काढले. तेथील मनोवैद्यांच्या मोठ्या संघटनेने आपल्या वर्णद्वेषाची माफी मागितली ती २०२१ साली. कार्टराइटपासून मोजा, एकशेसत्तर वर्षे!

तर मग काळ्यास काळाच वैद्य हवा काय? आमचे म्हणणे इतके सोपे नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९४६ साली चर्चच्या तळघरात लाफार्ग दवाखाना निघाला. फी अवघी पंचवीस सेंट. त्याचा चालक फ्रेडरिक वर्थम हा जर्मनीत जन्मलेला गोराच. पण रोग्याच्या दुःखात वर्णभेदाचा वाटा किती, हे तेथे जमेस धरीत. कातडी वेगळी असूनही कान उघडे ठेवता येतात, ते असे.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांस अर्पण केले, तेव्हा हा प्रश्न आपल्यास परका नाही. आपल्या देशाचा २०१७ सालचा मानसिक आरोग्य कायदा बजावतो की, उपचारात जात, धर्म, वर्ग पाहू नये. कागद चांगला आहे. परंतु कुणब्याची बाई शहरच्या दवाखान्यात ‘जीव घाबरा होतो, उरात धडधडतं’ एवढेच बोलते. सावकाराचा माणूस दारात बसून गेला, हे ती सांगत नाही, कारण पुढचा साहेब ते विचारीत नाही. तो तिची बोली ऐकून मनात ‘अडाणी’ असा शेरा मारतो आणि गोळ्या लिहितो. आमच्या बायाबापड्यांनी त्यास खुशाल विचारावे: साहेब, विहिरीला पाणी किती आणि डोक्यावर कर्ज किती, हे लिहावयास तुमच्या कागदावर रकाना आहे काय?