मोटारीचे ब्रेक-पॅड घरीं बदलावे काय?

हल्लीं पुष्कळ घरांपुढें मोटार उभी असते. परंतु ती थांबते कशी, याची चौकशी घरांतील फारच थोडीं माणसें करितात. चालविण्याची विद्या सर्वांस हवी असते. थांबविण्याचें साधन मात्र मिस्त्रीच्या भरंवशावर सोडलेलें असतें. झिजलेले ब्रेक-पॅड घरच्या घरीं बदलावे कीं नाहीं, या प्रश्नावर दोन मतें ऐकूं येतात. कित्येक म्हणतात, काम सोपें आहे, मजुरी वांचते, तेव्हां अवश्य करावें. दुसरे म्हणतात, शिकल्यासवरलेल्या माणसानें काळ्या ग्रीसमध्यें हात घालण्याचें प्रयोजन काय? आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें चुकीच्या पायावर उभीं आहेत. पहिलें पैशाकडे पाहतें, दुसरें प्रतिष्ठेकडे. ब्रेकाकडे कोणीच पाहत नाहीं.

हा पॅड म्हणजे काय, तें आधीं पाहूं. बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांबरोबर बिडाची एक चकती फिरत असते. पेडल दाबलें कीं ब्रेक-ऑइलाच्या दाबानें पिस्टन पुढें सरतो, आणि चकतीच्या दोहों अंगांचे पॅड तिला चिमट्यासारखे घट्ट धरितात. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर बसविलेला घर्षणद्रव्याचा थर. तो नवा असतां सुमारें 10 मिलिमीटर जाड असतो. झिजून 3 मिलिमीटरांवर आला म्हणजे बदलावा, असा सामान्य नियम आहे.

एवढ्याशा थरावर भार किती पडतो? 1000 किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं 60 किलोमीटर वेगानें जात असतां तिच्या अंगीं सुमारें 1,39,000 जूल गतिज ऊर्जा असते. गाडी थांबवावयाची म्हणजे ही ऊर्जा उष्णतेंत रूपांतरित करावयाची. आणि ती इतकी कीं 20 अंशांवरील सुमारें 400 मिलिलिटर पाणी तिनें उकळीस येईल. वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. मग बोरघाट किंवा पांचगणीहून वाईकडे येणारा पसरणीचा घाट उतरतांना जाणते चालक गाडी खालच्या गिअरमध्यें कां ठेवितात, हें त्यांस निराळें सांगावें लागणार नाहीं.

या पॅडाचा इतिहासही मनोरंजक आहे. 1888 सालच्या ऑगस्ट महिन्यांत बर्था बेंझ या जर्मन बाईनें आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारें 100 किलोमीटरांचा प्रवास पतीनें बनविलेल्या मोटारींतून केला. वाटेंत ब्रेकाचे ठोकळे झिजले, हें तिच्या लक्षांत आलें. तिनें एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें आणि ती पुढें गेली. मोटारीच्या ब्रेकाचें अस्तर येथून सुरू झालें, असें मानितात. यांतील बोध असा कीं, झीज ओळखणारी दृष्टि वाहन चालविणाराची होती व हात कसबी कारागिराचा होता. दोहोंपैकीं एक नसतें तर गाडी वाटेंतच राहती.

आतां प्रत्यक्ष कामाविषयीं. गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, मागच्या चाकांस ठोकळे लावावे. चाक जमिनीवर असतांनाच त्याचे नट सैल करावे. मग जॅकनें गाडी उचलावी. परंतु केवळ जॅकच्या आधारावर हात खालीं घालूं नये, भक्कम लोखंडी स्टँड द्यावा. कॅलिपर सोडविल्यावर तो रबरी नळीला लोंबकळत ठेवूं नये, तारेनें बांधावा. पिस्टन मागें सारतांना ब्रेक-ऑइल टांकींतून वर येतें, त्याकडे लक्ष असावें. धुळीवर तोंडानें फुंकर कदापि घालूं नये, कारण जुन्या पॅडांत अ‍ॅस्बेस्टॉस असूं शकतें. ती ओल्या फडक्यानें टिपावी. पॅडाच्या घासणाऱ्या अंगास ग्रीसचा डागही लागूं नये. एका चाकाचे पॅड बदलले म्हणजे समोरच्या चाकाचेही बदलावे, नाहीं तर ब्रेक लावतांच गाडी एका बाजूस ओढेल.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काम संपल्यावर पेडल वारंवार दाबून तें कठीण लागेपर्यंत गाडी जागेवरून हालवूं नये. पिस्टन मागें सारलेला असल्यामुळें पहिल्या दाबास पेडल तळाशीं जातें व ब्रेक मुळींच लागत नाहीं. सर्व काम बिनचूक करून हा एक अर्धा मिनिट विसरणारा मनुष्य फाटकाबाहेर पडतांच अपघात करील.

म्हणून आमचें मत असें: हें काम प्रत्येक मोटारवाल्या घरानें शिकावें, परंतु पुस्तक वाचून एकट्यानें आरंभूं नये. प्रथम पाहावें, मग जाणत्या मिस्त्रीच्या नजरेखालीं करावें, आणि त्यानें पसंति दिल्यावरच स्वतःच्या भरंवशावर करावें. ज्या गाडीचा हातब्रेक विजेच्या बटणाचा आहे, तिच्या मागच्या ब्रेकास घरीं हात लावूं नये. मिस्त्रीस त्याची मजुरी पूर्ण द्यावी. तो त्या दिवशीं तुमचा शिक्षक आहे. ज्यास असा धीर नाहीं, त्यानें गाडी गॅरेजांत न्यावी, यांत कमीपणा नाहीं. कमीपणा आहे तो न पाहतां गाडी हांकण्यांत. कारण ब्रेक आपल्या गाडीचा असला तरी त्यावर जीव अवलंबून असतो तो रस्ता ओलांडणाऱ्या परक्याच्या मुलाचा.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत वडील किंवा आई यांस सोबत घेऊन, गाडी थंड असतां, चाकाच्या फटींतून बॅटरीच्या उजेडांत पॅडाचा थर किती उरला आहे एवढें पाहा. पालकांस विनंति कीं मुलानें विचारलें असतां त्यास अभ्यासाला पिटाळूं नये. हाही अभ्यासच आहे.