न झालेल्या लढती आणि होऊ न दिलेल्या लढती

१/ १९६६ चा मुहम्मद अली आणि १९८८ चा माइक टायसन समोरासमोर उभे ठाकले असते, तर जिंकला कोण असता? समाजमाध्यमांवर हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि त्याखाली उत्तरांचा खच पडतो. दोन योद्धे, दोघेही ‘ऐन भरात’, मध्ये फक्त काळाची भिंत. खेळ निरुपद्रवी वाटतो. परंतु हेवीवेट मुष्टियुद्धाच्या इतिहासात ‘ऐन भरातला’ हा शब्द निरुपद्रवी कधीच नव्हता. एका मोठ्या अन्यायावर पांघरूण घालण्यासाठी तो वापरला गेला, आणि आज नकळत का होईना, तेच काम तो करतो. हा धागा त्या शब्दाच्या इतिहासाचा.

२/ प्रारंभ १९०८ पासून करावा लागतो. त्या वर्षीच्या डिसेंबरात सिडनी येथे जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सचा पराभव केला आणि हेवीवेटचे जगज्जेतेपद प्रथमच एका कृष्णवर्णीयाकडे गेले. गोऱ्या अमेरिकेला हे सहन झाले नाही. जेम्स जे. जेफ्रीज हा माजी जगज्जेता १९०५ मध्ये अपराजित अवस्थेत निवृत्त होऊन शेतीकडे वळला होता. ‘परत ये आणि हे पद सोडवून आण’ असा धोशा त्याच्यामागे लागला. असे आवाहन करणाऱ्यांत जॅक लंडनसारखा नामवंत लेखकही होता.

३/ ४ जुलै १९१० रोजी नेवाडा राज्यातील रेनो येथे ही लढत झाली. जेफ्रीज ३५ वर्षांचा, जॉन्सन ३२ वर्षांचा. जेफ्रीजने लढतीसाठी सुमारे १०० पौंड वजन उतरवले होते. लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती. ती १५व्या फेरीत संपली. आयुष्यात प्रथमच जेफ्रीज जमिनीवर कोसळला. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मारली गेली, आणि मृतांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. पुढे १९१२ मध्ये अशा लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी घालणारा कायदा झाला.

४/ दंगली शमल्या, पण एक सबब मागे उरली: हरला तो खरा जेफ्रीज नव्हेच. सहा वर्षे विश्रांती घेतलेला, वय झालेला जेफ्रीज हरला. ऐन भरातला जेफ्रीज असता, तर जॉन्सनचा निभाव लागता ना. ज्यांना वर्णश्रेष्ठतेचा दावा उघडपणे मांडणे त्या दिवसानंतर अवघड झाले, त्यांना या वाक्याने आसरा दिला. वर्तमानात झालेला पराभव त्यांनी कल्पनेतील विजयाने झाकला.

५/ या सबबीची उलटतपासणी सोपी आहे. जेफ्रीज ऐन भरात होता कधी? १८९९ ते १९०५, म्हणजे तो जगज्जेता असताना. तेव्हा जॉन्सन कुठे होता? तो तिथेच होता. मे १९०२ मध्ये त्याने लॉस एंजेलिस येथे जेफ्रीजच्या सख्ख्या भावाला पाचव्या फेरीत बाद केले होते. १९०३ मध्ये त्याने ‘कृष्णवर्णीयांचे हेवीवेट विजेतेपद’ मिळवले. हे पद वेगळे असण्याचे कारण एकच: खऱ्या पदाचे दार बंद होते. जेफ्रीजने जगज्जेता म्हणून कृष्णवर्णीयाशी लढण्यास नकार दिला.

६/ म्हणजे ‘ऐन भरातला जेफ्रीज विरुद्ध जॉन्सन’ ही लढत कल्पनेच्या प्रांतातील नव्हती. तिकिटे विकता आली असती, पंच नेमता आला असता, दोघेही एकाच देशात, एकाच व्यवसायात होते. ती लढत झाली नाही, कारण ती होऊ दिली गेली नाही. ज्याने ती नाकारली, त्याच्याच समर्थकांनी पुढे तिच्या न होण्याचा पुरावा म्हणून उपयोग केला. दार लावून घ्यायचे आणि मग ‘तो आत आलाच कुठे?’ असे विचारायचे, तसला हा प्रकार.

७/ जॉन्सन एकटा नव्हता. पीटर जॅक्सन हा कॅरिबियनमधील सेंट क्रॉय बेटावर जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात नावारूपाला आलेला योद्धा. मे १८९१ मध्ये तो सान फ्रान्सिस्को येथे जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला आणि लढत अनिर्णित राहिली. जगज्जेता जॉन एल. सलिव्हनने जॅक्सनशी लढण्यास वर्णाचे कारण देऊन नकार दिला. कॉर्बेटला मात्र त्याने १८९२ मध्ये संधी दिली, कॉर्बेट जिंकला. जॅक्सनला विजेतेपदाची लढत कधीच मिळाली नाही. १८९८ मध्ये त्याची रया गेल्यावर त्याला तिसऱ्या फेरीत हरवणारा तरुण कोण? तोच जेफ्रीज.

८/ येथे क्षणभर थांबावे. जेफ्रीजच्या विक्रमात ‘पीटर जॅक्सनवर विजय’ अशी नोंद आहे. त्या विजयाला कोणी ‘पण ऐन भरातला जॅक्सन असता तर’ अशी पुस्ती जोडत नाही. वयाची सवलत १९१० च्या जेफ्रीजला मिळते, १८९८ च्या जॅक्सनला मिळत नाही. शब्द एकच, पण तो कोणासाठी काढायचा आणि कोणासाठी खिशात ठेवायचा, हे ज्याच्या हाती लेखणी होती त्याने ठरवले.

९/ न्याय सर्वांना सारखाच लावायचा, तर जॉन्सनलाही सोडता येत नाही. जगज्जेता झाल्यावर त्याने सॅम लँगफर्ड, जो जेनेट आणि सॅम मॅकव्ही या तोडीच्या कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांना विजेतेपदासाठी संधी दिली नाही. गोऱ्या आव्हानवीरांशी लढण्यात पैसा अधिक होता. पुढे जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ जगज्जेता होता. हॅरी विल्स सतत दारात उभा होता. बोलणी झाली, पण लढत झाली नाही. लँगफर्ड आणि विल्स यांची नावे आजच्या काल्पनिक जोड्यांत क्वचितच दिसतात. जगज्जेत्यांच्या यादीतूनच जोड्या निवडायच्या, तर यादीबाहेर ठेवलेले कायमचेच बाहेर राहतात.

१०/ आता १९६७. मरे वोरोनर या निर्मात्याने संगणकाच्या आधारे १६ हेवीवेट योद्ध्यांची एक काल्पनिक स्पर्धा रचली आणि ती रेडिओवरून प्रसारित केली. प्रत्येकाचा ऐन भरातला काळ आकड्यांत बसवला होता. उपांत्यपूर्व फेरीत मुहम्मद अली हरला. कोणाकडून? जेम्स जे. जेफ्रीजकडून! रेनोमध्ये जे जमले नाही, ते ५७ वर्षांनी यंत्राकडून करवून घेतले गेले. स्पर्धेचा विजेता ठरला रॉकी मार्सियानो.

११/ यंत्राला वर्ण कळत नाही, हे खरे. परंतु यंत्राला जे भरवले, तेच ते बाहेर टाकते. जेफ्रीजचे आकडे ज्या विक्रमातून आले, तो विक्रम जॉन्सनला दाराबाहेर ठेवून तयार झालेला होता. वगळलेल्या लढतींचा कोणताही रकाना त्या गणितात असू शकत नव्हता. ‘अपराजित’ या शब्दामागे कोणाशी लढलो याबरोबरच कोणाशी लढणे टाळले हेही दडलेले असते.

१२/ अलीने या निकालाविरुद्ध १० लाख डॉलरचा दावा लावला. तडजोडीत ९,९९९ डॉलर घेऊन त्याने मार्सियानोबरोबर एका चित्रपटात काम करण्याचे मान्य केले. १९६९ मध्ये चित्रीकरण झाले. निवृत्त मार्सियानोने वजन उतरवले आणि टोप घातला. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी तो विमान अपघातात वारला. २० जानेवारी १९७० रोजी चित्रपट दाखवला गेला, आणि अमेरिकेतील प्रेक्षकांनी १३व्या फेरीत मार्सियानोने अलीला बाद केल्याचे पाहिले.

१३/ पण अलीला अशा चित्रपटात काम करण्याची वेळ का आली? २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने ह्यूस्टन येथे सैन्यात दाखल होण्यास नकार दिला आणि त्याचा परवाना व पद काढून घेण्यात आले. २२ मार्च १९६७ पर्यंतच्या १२ महिन्यांत तो विजेतेपदाच्या ७ लढती लढला होता. नंतर २२ मार्च १९६७ पासून २६ ऑक्टोबर १९७० पर्यंत, ४३ महिने, एकही अधिकृत लढत नाही. वय २५ ते २८. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली ती जून १९७१ मध्ये.

१४/ अलीचा ऐन भर कुठे गेला, याचे उत्तर हे आहे: तो शासनाने घेतला. ‘१९६६ चा अली’ ही निवड आपण करतो, कारण १९६८ चा अली अस्तित्वातच येऊ दिला गेला नाही. त्याच्या खऱ्या काल्पनिक लढती टायसनशी नाहीत. १९६८ आणि १९६९ मध्ये उगवता जो फ्रेझर आणि इतर समकालीनांशी ज्या व्हायला हव्या होत्या, त्या होत.

१५/ आणि १९६६ च्या अलीचा पुरावा तरी कोणता? नोव्हेंबर १९६६ मध्ये क्लीव्हलंड विल्यम्सवर तिसऱ्या फेरीत मिळवलेला देखणा विजय. त्याच्या दोन वर्षे आधी विल्यम्सला एका पोलिसाची गोळी लागली होती आणि त्याचे एक मूत्रपिंड गेले होते. ‘१९८८ चा टायसन’ म्हणताना आठवणाऱ्या विजयांत ३८ वर्षांचा, निवृत्तीतून परतलेला लॅरी होम्स आहे. एकाचा ऐन भर अनेकदा दुसऱ्याच्या पडत्या काळावर उभा असतो.

१६/ ‘अ ने ब ला हरवले’ या साखळीनेही काही सिद्ध होत नाही. फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवले. जॉर्ज फोरमनने १९७३ मध्ये फ्रेझरला दोन फेऱ्यांत उडवले. ३२ वर्षांच्या अलीने १९७४ मध्ये किन्शासा येथे २५ वर्षांच्या फोरमनला आठव्या फेरीत बाद केले. साखळीचे वर्तुळ झाले. तोच फोरमन १९९४ मध्ये, ४५व्या वर्षी, २६ वर्षांच्या मायकेल मूररला बाद करून पुन्हा जगज्जेता झाला. मग फोरमनचा ऐन भर कोणता?

१७/ पडत्या काळातील लढतींमागेही कारणे असतात. ऑक्टोबर १९५१ मध्ये २८ वर्षांच्या मार्सियानोने ३७ वर्षांच्या जो लुईसला आठव्या फेरीत हरवले. निवृत्त लुईस परतला, कारण त्याच्या डोक्यावर प्राप्तिकराची प्रचंड थकबाकी होती. याच लुईसने १९४२ मध्ये दोन लढतींची कमाई नौदल आणि भूदलाच्या मदतनिधीला दिली होती. ‘म्हातारा लुईस’ असे म्हणून जो पुढे सरकतो, तो इतिहासाचे अर्धे पान न वाचताच उलटतो.

१८/ आक्षेप अपेक्षित आहे: गंमत म्हणून घेतलेल्या खेळात एवढे राजकारण कशाला? गंमत जरूर करावी. १८७ पौंडांचा मार्सियानो आजच्या नियमांनी हेवीवेटच्या खालच्या, २०० पौंडांपर्यंतच्या क्रूझरवेट गटात बसेल आणि ४५ फेऱ्यांसाठी घडलेले शरीर १२ फेऱ्यांत वेगळे वागेल, याचाही त्या गमतीत विचार व्हावा. पण तिला इतिहास म्हणू नये. ज्याला श्रेष्ठत्वाचा निवाडा म्हणून मिरवले जाते, त्या गमतीकडून पुरावा मागण्याचा अधिकार वाचकाला आहे.

१९/ दुसऱ्या टोकाला आपल्याकडचे आवडते सुभाषित उभे असते: इतिहासात जर-तरला स्थान नाही. तेही अर्धसत्यच. ‘पानिपतावर भाऊंकडे रणगाडे असते तर’ हा प्रश्न व्यर्थ. ‘भाऊंनी बुणग्यांना मागे ठेवले असते तर’ हा प्रश्न निर्णयाची जबाबदारी शोधतो. जे शक्य होते आणि कोणीतरी थांबवले, त्याविषयीचा ‘जर’ इतिहासाच्या कामाचा आहे. १९०४ ची जेफ्रीज-जॉन्सन लढत त्या जातीची आहे. अली-टायसन नाही.

२०/ म्हणून पुढच्या वेळी दोन छायाचित्रे शेजारीशेजारी लावून ‘कोण जिंकेल?’ असे कोणी विचारले, तर उत्तर देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. यांचा हा टप्पा कोणी निवडला? याच टप्प्यावर त्यांच्या दारात उभा असलेला, पण आत न घेतलेला कोण होता? दार कोणी लावले होते? लँगफर्ड, विल्स आणि पीटर जॅक्सन यांची छायाचित्रेही उपलब्ध आहेत. एखादी जोडी त्यांचीही लावावी.

(धागा समाप्त)