पाहुणे ठेवले, नोंद कुठे आहे?

तापीच्या वरच्या अंगाला, खानदेशात, पाऊस कोसळला की हतनूर भरते, पुढे उकाई भरते, आणि उकाईची दारे उघडली की सुरतेची झोप उडते. 2006 च्या ऑगस्टमध्ये नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले, तेव्हा शहराचा बहुतेक भाग बुडाला होता. 2025 च्या जूनमध्ये तर नदीचा काही संबंध नव्हता. नुसत्या पावसाने खाड्या फुगल्या आणि लिंबायत, पर्वत पाटिया भागात घरोघर पाणी शिरले. गोडादऱ्यातील आमच्या खानदेशी कुटुंबांना हे नव्याने सांगायला नको.

अशा वेळी माणसे सरकारी छावणीकडे जात नाहीत, आपल्या माणसाकडे जातात. कोणी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे, कोणी बारडोली-मांडवीकडील शेतकरी सोयऱ्याकडे, तर कोणी सरळ नवापूर-नंदुरबारला. शेतकऱ्याच्या घरी एकदम आठ-दहा माणसे वाढतात, आणि तीही भाताला खत द्यायच्या दिवसांत. साठवणीचे तांदूळ संपतात, डेअरीला जाणारे दूध घरातच लागते. कोणी तक्रार करीत नाही, करूही नये. परक्याला आसरा देण्याविषयी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने काय म्हटले आहे ते आपण सर्व जाणतो.

परंतु शेतकरी बांधवांनो, आमचे म्हणणे वेगळे आहे. पाहुण्याचा हिशेब ठेवायचा नसतो हे खरे, तरी त्याच्या नावाची नोंद ठेवलीच पाहिजे. पूरग्रस्तांना रोख मदत, म्हणजे इकडे जिला केशडोल म्हणतात ती, आणि घरवखरीचे पैसे मिळतात ते पाहणीच्या यादीवरून. पाहणीला आलेल्या माणसाला खोलीला कुलूप दिसते. खोलीवाला तुमच्या पडवीत झोपलेला असतो. त्यात तो भाडेकरू, आणि शिधापत्रिका गावाकडची. मग यादीत नाव येणार कसे? छावणीत राहिला असता तर निदान मोजला गेला असता. तुमच्या चांगुलपणाने त्याचा हक्क बुडाला, असे होऊ नये.

म्हणून पाणी ओसरताच घरातील एका जाणत्याने परत जावे, चिखल काढण्याआधी फोटो घ्यावेत आणि पंचनाम्याला हजर राहावे. मात्र पंचनाम्यासाठी आठ दिवस घाण तशीच ठेवू नये. दक्षिण गुजरातच्या भात-उसाच्या शेतांत लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात असतोच. पायाला जखम असल्यास त्या पाण्यात उतरू नका, आणि ताप आला तर घरगुती काढ्यावर न थांबता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ज्यांची शेतीही गेली त्यांच्यासाठी थोडेसे. पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा अधिक असल्यास आपत्ती निधीतून मदत मिळते. 2015 पूर्वी ही अट 50 टक्क्यांची होती. 2022 ते 2026 या काळासाठी ठरलेले दर हेक्टरी जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000 व बारमाही पिकाला 22,500 रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंतच. दुभती म्हैस दगावल्यास 37,500. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असलेल्या वाटेकऱ्याची यात फार कुचंबणा होते. जमीनमालकांनी पंचनाम्याच्या वेळी त्याचे नाव सांगण्याइतकी माणुसकी दाखवावी.

या निधीतून छावणीचा खर्च करता येतो. घरी माणसे ठेवणाऱ्या कुटुंबाची मात्र कोठेच गणती नाही. हे आम्हाला पटत नाही. धर्मग्रामाने पावसाळ्यापूर्वीच मामलतदार कचेरीत अर्ज द्यावा, आपला हॉल मदतकेंद्र म्हणून नोंदवून घ्यावा, आणि घरोघरी उतरलेल्यांची यादी त्याच केंद्राच्या वहीत धरावी, अशी आमची सूचना आहे. मंजूर होईल की नाही, कोण सांगणार! पण पूर आल्यावर केलेल्या अर्जापेक्षा हा लवकर वाचला जाईल. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी किती माणसे ठेवता येतील ते रविवारच्या मिस्सानंतर फादरांकडे सांगून ठेवावे. म्हशीला गोठ्यात बाजूला सरकवता येईल का, तेही सांगावे.