मुक्काम कुठं टाकावा?

आपल्या भागातल्या घरांत बेंगळूरचा प्रवास ठरला की तिकिटाची चर्चा आठ दिवस चालते. रेल्वे की बस, वरचा बर्थ की खालचा, शिदोरीला दशम्या की चपात्या, सगळं ठरतं. उतरायचं कुठं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, कारण त्याची दोनच उत्तरं ठरलेली आहेत. नातेवाईक असतील तर त्यांच्याकडं, नसतील तर मॅजेस्टिकला.

एका जुन्या थिएटरवरून नाव पडलेला हा मॅजेस्टिकचा परिसर आपल्याला सोयीचा वाटतो, त्याला कारण आहे. बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन तिथं समोरासमोर. स्टेशनला नाव तर आपल्याच जिल्ह्यातल्या संगोळ्ळी रायण्णाचं. मेट्रोच्या जांभळ्या आणि हिरव्या मार्गिका तिथंच एकमेकींना भेटतात. हिरव्या मार्गिकेवर पुढचं स्थानक चिकपेट, तेव्हा लग्नाचा बस्ता बांधायचा असेल तर याहून चांगली जागा नाही. जांभळ्या मार्गिकेवर पूर्वेकडं दुसरं स्थानक विधानसौधचं. सरकारी कचेरीत किंवा हायकोर्टात काम असलेल्या माणसानं मॅजेस्टिकलाच उतरावं. सकाळी आला, काम केलं, रात्रीच्या गाडीत बसला.

पण सोबत सत्तरीची आई असेल आणि तिला चार दिवस दवाखान्यात न्यायचं असेल, तर हिशेब बदलतो. रात्रभर चाललेला गोंगाट, अरुंद जिने, दारातून बाहेर पडताच गर्दी, हे तिला झेपत नाही. निम्हान्स आणि किदवई ही दोन्ही रुग्णालयं शहराच्या दक्षिण भागात, होसूर रस्त्याच्या बाजूला आहेत. तिथं नंबर लावायचा तर सकाळी लवकर पोचावं लागतं. अशा वेळी जयनगरमध्ये मुक्काम बरा. रस्ते रुंद, झाडं भरपूर, खाणावळी आणि औषधांची दुकानं हाताशी, आणि दोन्ही रुग्णालयं रिक्षाच्या टप्प्यात. हृदयविकाराचं जयदेव रुग्णालयही त्याच बाजूला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून त्याच्या नावाचं मेट्रो स्थानकही झालं आहे. हिरव्या मार्गिकेनं आर. व्ही. रोडला यायचं आणि तिथं गाडी बदलायची. रुग्णाच्या सोबत्यांसाठी धर्मशाळेची सोय आहे का, हे रुग्णालयात आधी विचारून घ्यावं.

चार दिवस निवांत राहायचं असेल, मुलांना शहर दाखवायचं असेल, तर मल्लेश्वरम किंवा बसवनगुडी. १८९८ च्या प्लेगनंतर आखून वसवलेल्या या दोन वस्त्या. बसवनगुडीत मोठा नंदी, गांधी बझारची फुलं आणि १९४३ पासूनचं विद्यार्थी भवन. मल्लेश्वरमला नाव मिळालं ते काडू मल्लेश्वर देवळावरून. या देवळाच्या इतिहासात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचं नाव आहे, हे आपल्या मुलांना तिथं उभं करून सांगावं. बेंगळूर एकेकाळी शहाजीराजांची जहागीर होती. घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्या मुलांना ही गोष्ट पुस्तकापेक्षा तिथं जास्त कळते. मल्लेश्वरमला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या आधी यशवंतपूरला थांबतात. तिथं उतरलं तर मल्लेश्वरम जवळ पडतं आणि मॅजेस्टिकचा वळसा वाचतो.

आता नाजूक विषय. भाचा व्हाइटफील्डला राहतो. दोघं नवरा-बायको नोकरीला, दोन खोल्यांचा फ्लॅट. आत्याचं काम होसूर रस्त्याला. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत अखंड धावते हे खरं, पण तिथून शहराच्या मध्यापर्यंत यायलाच तासभर जातो, पुढं गाडी बदला, रिक्षा करा. पहाटे पाचला आत्याला उठवायचं, तिच्यासाठी सुनेनं चारला उठायचं. दुसऱ्या दिवशी सून ऑफिसात जांभया देते, आत्याला ते दिसतं, आणि ती चहासुद्धा संकोचानं मागते. कुणाचंच काही चुकलेलं नसतं, तरी परतताना मनात काहीतरी अडकून राहतं.

मग वेगळं राहावं म्हटलं तर भाचा म्हणतो, “आत्या, आमचं घर असताना तुम्ही लॉजवर?” या वाक्यापुढं आपली पिढी गप्प बसते. माझ्या मते गप्प बसू नये. “अरे, दवाखाना इकडं जवळ आहे, रविवारी दिवसभर तुमच्याकडंच जेवायला येते,” असं स्पष्ट सांगावं. आणि रविवारी खरंच जावं, कुंदा घेऊन जावं. चार दिवसांच्या ओढाताणीपेक्षा एका दिवसाचा निवांत पाहुणचार दोन्ही घरांना जास्त गोड लागतो. भाच्यानंही हा अपमान समजू नये. आजारी माणसाला पाहुणेपण निभवायला लावणं हा पाहुणचार नव्हे. उलट काम त्याच बाजूला असेल, किंवा नातवंडाला भेटणं हेच काम असेल, तर खुशाल घरीच उतरावं. तिथं लॉज पाहणं हाच परकेपणा.

खोली ठरवताना फोनवर चार गोष्टी विचाराव्यात. लिफ्ट आहे का? कमोड आहे का? गरम पाणी किती वाजेपर्यंत? आणि खोली चोवीस तासांच्या हिशेबानं देता की दुपारी बाराला सोडावी लागते? रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचणाऱ्या आपल्या लोकांना हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. पत्ता घेताना मेन आणि क्रॉससोबत ब्लॉक किंवा स्टेजही लिहून घ्यावा. नुसतं ‘फोर्थ मेन’ म्हटलं तर रिक्षावाला विचारणारच, कुठल्या भागातलं?

भाषेची मात्र काळजी नको. आपली धारवाडी वळणाची कन्नड ऐकून कुणी हसलं तर हसू द्यावं. त्याच हसण्यातून पुष्कळदा ओळख निघते आणि समोरचा हुबळी-गदगकडचा निघतो. ज्या वस्तीत म्हाताऱ्या माणसाला दुकानदाराशी दोन वाक्यं बोलता येतात, ती वस्ती तिला परकी वाटत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला तिकिटाआधी कागद घ्यावा. पहिल्या ओळीत कामाचा पत्ता, दुसऱ्या ओळीत तिथलं जवळचं मेट्रो स्थानक, तिसऱ्या ओळीत बरोबरच्या सर्वांत अशक्त माणसाचं नाव. या तीन ओळी लिहिल्या की मुक्काम कुठं टाकायचा ते बहुतेक कळतंच. तिकीट त्यानंतर काढावं.