कानांना कुंपण कशाला?

“हा कसला गोंगाट लावला आहेस?” हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात तिघींनी विचारला. पहिली आजी, दुसरी आई आणि तिसरी वसतिगृहातील माझी खोलीसोबतीण. आजी आणि ही मैत्रीण यांच्या वयात पन्नास वर्षांचे अंतर आहे; प्रश्न मात्र एकच! चौथा प्रश्न आमच्या एका प्राध्यापकांनी विचारला आणि तो अधिक अवघड होता. ते हसून म्हणाले, “पण हे आपले संगीत आहे का?” त्यांना तेव्हा उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा हा प्रयत्न.

या ‘गोंगाटा’ची नावे पंक, इंडी आणि इलेक्ट्रॉनिक संगीत. नावे परकी आहेत हे कबूल. पण त्यांच्यामागची हकिगत मात्र आपल्यासारख्यांना परकी वाटू नये.

मँचेस्टर हे इंग्लंडमधील एकेकाळचे कापडगिरण्यांचे शहर. तेथील ‘बझकॉक्स’ नावाच्या तरुणांच्या वाद्यवृंदाने मोठ्या कंपन्यांच्या दारात ताटकळत बसण्याचे नाकारले. घरच्यांकडून व मित्रांकडून 500 पौंड उसने घेतले, डिसेंबर 1976 मध्ये चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी 1977 मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या प्रती फक्त 1000. वेष्टनावर कोणते गाणे कितव्या प्रयत्नात साधले तेही त्यांनी छापून टाकले. जणू त्यांना सांगायचे होते की यात जादू काही नाही, तुम्हालाही हे जमेल. मोठ्या कंपन्यांपासून असे स्वतंत्र राहिलेले संगीत ते ‘इंडी’. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतील कारकुनाने पंक संगीतावर ‘स्निफिन ग्लू’ नावाचे नियतकालिक घरच्या घरी टंकलिखित करून काढले. पहिल्या अंकाच्या प्रती पन्नास आणि संपादकाचे वय एकोणीस! सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेल्या आपल्या लघुनियतकालिकांची ज्यांना आठवण आहे, त्या गुरुजनांना यात नवल वाटणार नाही. परवानगीची वाट न पाहता आपले म्हणणे आपणच छापायचे, ही तीच वृत्ती.

मला हे इतके जवळचे का वाटते, तेही सांगते. आमच्या घरात कोणाच्याच नावापुढे पदवी नाही. महाविद्यालयात आल्यावर पहिले वर्ष मी ‘आपल्याला यातले काय कळते?’ या एकाच धास्तीत घालवले. ग्रंथालयात पुस्तक मागायला जीभ रेटत नसे. अशा वेळी, आधी सर्व काही शिकून मगच तोंड उघडावे असा नियम नाही, हे मला त्या मँचेस्टरच्या मुलांनी शिकवले. ‘चांगले संगीत’ म्हणजे इंग्रजी शाळेत शिकलेल्यांची मिरास, हा समज त्यांनीच मोडला.

आता कोणी म्हणेल, हे तर पश्चिमेचे अनुकरण झाले. त्यांना मी मुंबईची एक गोष्ट सांगेन. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात साथ करणारे वादक. 1982 साली त्यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. भैरव, भूपाली, मालकंस असे दहा राग त्यांनी रोलंड या जपानी कंपनीच्या तेव्हाच्या नव्या विद्युत् यंत्रांवर वाजवले. त्यांतील टीबी-303 हे यंत्र गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवलेले होते. ते फारसे खपले नाही आणि 1984 मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले. पुढे हे टाकाऊ ठरलेले यंत्र शिकागोतील ‘फ्यूचर’ या कृष्णवर्णीय तरुणांच्या गटाच्या हाती आले. 1987 साली त्यांचे ‘ॲसिड ट्रॅक्स’ प्रसिद्ध झाले आणि ‘ॲसिड हाऊस’ नावाचा संगीतप्रकार जगभर गेला. त्यांना मुंबईच्या तबकडीची वार्ता नव्हती. पण तिच्यातले सूर आज ऐकले, तर दोघे सख्खे भाऊ वाटतात. मग येथे अनुकरण कोणी कोणाचे केले?

दुर्दैव असे की त्या तबकडीला तेव्हा कोणी विचारले नाही. ती धूळ खात पडली. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती तिची जुनी प्रत लागली आणि 2010 मध्ये त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. वृद्धापकाळात चरणजित सिंग यांना परदेशात श्रोते मिळाले. 2015 साली ते वारले. अठ्ठावीस वर्षे मुंबईत एकाही माणसाने दुसऱ्याला ‘हे ऐक’ असे आग्रहाने सांगितले असते, तर? माझे म्हणणे नेमके येथे आहे. संगीत नुसते निर्माण होऊन जगत नाही. ते कोणीतरी दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते.

आणि देताना धीर लागतो. ‘ॲसिड ट्रॅक्स’ शिकागोच्या एका नृत्यगृहात रॉन हार्डी यांनी प्रथम वाजवले, तेव्हा नाचणारे लोक बाजूला झाले असे सांगतात. हार्डींनी त्याच रात्री ते पुन्हा लावले, मग पुन्हा. चौथ्या वेळी लोक बेभान होऊन नाचले.

आज आपल्या मोबाईलवर हवे ते गाणे क्षणात मिळते, मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न येईल. पण मोबाईल आपल्याला बहुधा आपण काल ऐकले त्याच्यासारखेच आज ऐकवतो. जे मागणे आपल्याला सुचलेच नसते, ते मित्रच देऊ शकतो. मात्र नुसते गाणे पुढे ढकलणे म्हणजे देणे नव्हे. ते कोणी केले, कोठे केले आणि आपल्याला का आवडले, एवढे सांगावे.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात आठवड्यातून एक तास ‘ऐकण्याचा तास’ असावा. प्रत्येकाने एक गाणे आणावे, दोन वाक्यांत त्याची ओळख करून द्यावी आणि ते दोनदा ऐकवावे. पंक असो, पोवाडा असो वा परवाच कोणी खोलीत बसून संगणकावर केलेली धून असो. प्राध्यापकांनीही आपल्या तरुणपणीच्या कॅसेटी आणाव्यात. आवडलेच पाहिजे अशी सक्ती नको. पण दुसऱ्यांदा ऐकल्यावाचून नाव ठेवू नये, एवढा एकच नियम असावा.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला चरणजित सिंगांचा भैरव ऐकवला. पहिल्या वेळी तिने कानावर हात ठेवला. दुसऱ्या वेळी थोडी थांबली आणि म्हणाली, “सूर पहाटेच्या रेडिओवरचा वाटतोय गं. पण मागं ही पिठाची गिरणी कशाला चालू ठेवलीय?”

सर, ते संगीत आपले आहे की नाही, याचे उत्तर मला वाटते आजीने दिले आहे.