सिंधुदुर्गाचे इस्पितळ गोव्यात का?

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



राज्याच्या प्रगतीचा हिशोब मांडताना मुंबईत शेजारी म्हणून गुजरातचे नाव निघते, फार तर कर्नाटकाचे. आम्हा सिंधुदुर्गवासीयांची गाठ रोज गोव्याशी पडते. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की पेट्रोल स्वस्त होते. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची पोरे सकाळी मोटारसायकली काढून तिकडच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत कामाला जातात, रात्री उशिरा परततात. पेट्रोलच्या चार पैशांसाठी मी आपला वेळ घेणार नाही. मला गोव्यातल्या बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजविषयी लिहायचे आहे.

आमच्याकडे रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले की त्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेतात. तिथे ईसीजी निघतो, सलाईन लागते, आणि ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता सांगतो, "बांबोळीक न्हेवचा लागतला." त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याच्या हाताशी ना हृदयरोगतज्ज्ञ असतो, ना कॅथलॅब. मग शेजाऱ्याला उठवायचे, हाताला लागतील तेवढे पैसे गोळा करायचे, आधारकार्ड आणि रेशनकार्ड पिशवीत टाकायचे. 108 ची गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर भाड्याची बघायची. सावंतवाडीहून बांबोळी साठेक किलोमीटर. देवगड, वैभववाडीच्या माणसाला याच्या दुप्पट अंतर. डोक्याला मार लागलेला मुलगा असो वा अडलेली बाळंतीण, वाट हीच. रुग्णाचा जीव वाचेल की नाही हे पुष्कळदा रस्त्यातच ठरते.

गोवा मेडिकल कॉलेजने आमची किती माणसे वाचवली, याची मोजदाद नाही. 1842 साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची ही परंपरा आहे, आणि मुक्तीनंतर गोव्याने ती वाढवली. तिथल्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे ऋण या जिल्ह्यातले घर न् घर मानते. पण ते इस्पितळ गोमंतकीयांच्या पैशावर उभे आहे. जानेवारी 2018 मध्ये गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा आमच्याकडे संताप उसळला, आंदोलने झाली. रागावलेल्या माणसांचे दुःख मला कळत होते, तरी राग चुकीच्या दारी गेला असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. आपल्या नागरिकांवर उपचार करणे हे महाराष्ट्राचे काम. नंतर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून तोड काढण्याचे प्रयत्न झाले, पण मूळ प्रश्न जागच्या जागी आहे.

गोवा लहान राज्य आहे, त्याला जमते, असे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. गोव्याचे क्षेत्रफळ 3702 चौरस किलोमीटर, एकट्या सिंधुदुर्गाचे 5207. गोव्यातल्या कुठल्याही तालुक्यातला माणूस सकाळी निघून पणजीत मंत्र्याला भेटून संध्याकाळी घरी येतो. आमचे मंत्रालय पाचशे किलोमीटरवर. हा फरक मोठा आहे, मान्य. पण जिल्हा 1 मे 1981 ला रत्नागिरीपासून वेगळा केला तो कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणूनच ना? 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना सिंधुदुर्गाची घटली. माणसे हौसेने गाव सोडत नाहीत. आईवडील म्हातारे झाले की मुंबईतला मुलगा पहिला प्रश्न विचारतो तो हाच: तिथे रात्री काही झाले तर?

गोव्यात सारे आलबेल आहे असेही नाही. तिथल्या टेकड्या विकल्या जात आहेत, कितीतरी तरुण पोर्तुगीज पासपोर्ट काढून परदेशी जात आहेत. तरीही 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात ज्या गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, त्याच गोव्यात आम्हाला जोडा, अशी मागणी आज दोडामार्गात मधूनमधून ऐकू येते. मी त्या मागणीच्या बाजूचा नाही. पण ती करणाऱ्याला महाराष्ट्रद्रोही म्हणून मोकळे होऊ नका, ही कळकळीची विनंती.

दोडामार्गातच तिलारीचे धरण आहे. त्यासाठी आमची गावे उठली आणि पाण्याचा मोठा वाटा गोव्याला जातो, दोन राज्यांच्या लेखी कराराने. पाण्याचा करार होतो, तर रुग्णांचा का होऊ नये? 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत माकडतापाने माणसे दगावली आणि 2016 च्या सुरुवातीला तोच ताप दोडामार्गात आला. काजूच्या बागांतून हा ताप पसरवणारी गोचीड राज्याची सीमा पाहत नाही. महाराष्ट्राने गोव्याशी नीट करार करावा, आमच्या रुग्णांच्या खर्चाचा भार उचलावा आणि गोव्याचे पैसे वेळेवर चुकते करावेत. नाक्यावर कुणाला हात जोडावे लागू नयेत. 2020 च्या टाळेबंदीत सीमा बंद झाल्या तेव्हा आम्ही किती परावलंबी आहोत हे पुरते कळून चुकले.

पण करार ही तात्पुरती सोय. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, याचा आम्हाला आनंद आहे. आता तिथे प्राध्यापकांची आणि तज्ज्ञांची पदे भरा, आणि आलेला डॉक्टर वर्षभरात बदली मागणार नाही असे घर, असा पगार, मुलांना अशी शाळा द्या. हृदयविकार आणि मेंदूची शस्त्रक्रिया यांचे तज्ज्ञ रात्रीही हजर हवेत, कारण आमची माणसे रात्रीच जास्त दगावतात. सावंतवाडीच्या मल्टीस्पेशालिटी रुग्णालयाचे भूमिपूजन होऊन वर्षे लोटली आणि काम जागेच्या वादात अडकले. तो वाद मिटवा किंवा दुसरी जागा निवडा, आणि काय ठरले ते येत्या अधिवेशनात तारखेसह सभागृहात सांगा.

आपला,
सावंतवाडी तालुक्यातील एक नागरिक